पिंकीचा डावा पाय

दिपाली रामटेके नागपूरच्या सदर भागातल्या एका विमा कार्यालयात काउंटरवर बसते. सकाळी साडेपाच ते आठ मात्र ती उत्तर नागपुरातल्या मैदानावर असते, गळ्यात शिट्टी आणि अवतीभवती वीस-बावीस पोरी. त्यांना फुटबॉल शिकवायला लागून तिला आता नऊ वर्षं झाली.

ती स्वतः एके काळी जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान पोरगी होती. तेराव्या वर्षी तिचा खेळ एवढाच असायचा, की मागून कुणीतरी चेंडू लांब मारायचा आणि हिनं सगळ्यांना मागे टाकून तो गाठायचा. गोलांचा पाऊस पडायचा. सोळाव्या वर्षी बाकीच्या पोरींचे पायही तेवढेच पळू लागले, आणि चेंडू पायाशी आल्यावर करायचं काय, हे दिपालीला कुणी शिकवलंच नव्हतं. ती बाकावर बसू लागली. वर्षभरात गुडघा गेला आणि खेळ संपला.

म्हणून पिंकी मैदानावर आली तेव्हा दिपालीला आनंदाआधी धास्ती वाटली. पिंकी अकरा वर्षांची होती. तिचे वडील, जितेंद्र मेश्राम, बुटीबोरीच्या कापड गिरणीत कामाला. पहिल्याच दिवशी पोरगी अशी पळाली की बाकीच्या खेळायचं सोडून बघत राहिल्या. दिपालीनं दुसऱ्या दिवसापासून तिचं पळणं आवरलं. आठवड्यातून दोन दिवस पिंकीनं फक्त डाव्या पायानं खेळायचं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर दीडशे वेळा चेंडू मारायचा, थांबवायचा, परत मारायचा. मान वर करून कोण कुठं मोकळं आहे ते आधी बघायचं, मग पास द्यायचा. पिंकी चिडायची, कधी रडायची. जोडीला गार्गी असायची. ती चणीनं लहान आणि पळण्यात मागे, पण चेंडू तिच्या पायाला चिकटल्यासारखा राहायचा. दोघींची हळूहळू गट्टी जमली.

निकाल मात्र वाईट येत होते. दोन हंगाम दिपालीचा संघ हरत राहिला. एका सामन्यात तर पाच गोल खाल्ले, आणि समोरचा संघ तोच जुना खेळ खेळत होता, लांब मारा आणि पळा. तीन पोरींच्या घरच्यांनी त्यांना तिकडं नेऊन घातलं. जितेंद्र एके सकाळी रात्रपाळी संपवून थेट मैदानावर आला.

"ताई, पोरगी पळते त पळू द्या ना तिले," तो म्हणाला. "तुम्ही तिचे पाय काहून बांधून राहिले?"

दिपालीनं त्याला आपली सगळी हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, पोरीला काढूनही नेलं नाही. पण त्याचं समाधान झालं नाही हे तिला कळलं. आपल्या गुडघ्याचं दुखणं आपण या पोरीच्या माथी तर मारत नाही ना, असं तिच्याही मनात येऊन जायचं.

चौदावं लागलं आणि पिंकी एका वर्षात चार इंच वाढली. पाय तिचेच, पण तिचं ऐकेनात. शर्यतीत ती तिसरी-चौथी येऊ लागली. जितेंद्र आता शर्यत संपायच्या आतच पाठ फिरवायचा, आणि ते दिपालीला जास्त लागायचं.

नोव्हेंबरातल्या एका सामन्यात पिंकी डोक्यानं चेंडू मारायला उडाली आणि एका पायावर उतरली. गुडघा आत वळला. ती खाली बसली. दिपाली धावत पोचली. तिचा स्वतःचा गुडघा असाच गेला होता.

"कुठं दुखून राहिलं वं?"

पिंकीनं गुडघ्याच्या आतल्या बाजूला हात ठेवला.

सदरमधल्या एका डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट घेऊन दिपाली आणि जितेंद्र पिंकीसह त्यांच्यासमोर बसले. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडं धरली आणि म्हणाले, गुडघ्याचं लिगामेंट शाबूत आहे, नुसतं ताणलंय, सहा आठवड्यांत पोरगी मैदानावर जाईल. दिपाली उठली, बाहेर जिन्यावर जाऊन बसली आणि ओढणीत तोंड घालून मनसोक्त रडली.

ती आत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, या पोरींना उडी मारून खाली कसं उतरायचं ते शिकवता का? मांड्यांचे, कमरेचे व्यायाम घेता का? या वयात मुलींचे गुडघे फार जपावे लागतात. दिपाली ते काहीच घेत नव्हती. नुसत्या पळण्यावरच्या रागात तिनं शरीराकडंच पाठ फिरवली होती.

जिना उतरताना ती जितेंद्रला म्हणाली, "भाऊ, यात चूक माझी बी आहे."

"झालं ते झालं, ताई," तो म्हणाला. "आता दोन्ही शिकवा."

तेव्हापासून सरावाची पहिली वीस मिनिटं व्यायामाची झाली. उठाबशा, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न वळू देता, किंचित वाकवून उतरणं. पोरी कुरकुरल्या, पण मार्चपर्यंत त्यांच्या पायांत बळ आलेलं दिसू लागलं.

एप्रिलमध्ये पंधरा वर्षांखालच्या जिल्हा संघाची निवड होती. आधी धावण्याची चाचणी झाली. पिंकी सहावी आली, गार्गी त्याहून मागे. दिपालीनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मग छोटे सामने सुरू झाले. दोन बचावपटू अंगावर येत असताना पिंकीनं चेंडू डाव्या पायानं थांबवला, त्याच पायावर गिरकी घेतली आणि मान वर करून गार्गीला नेमका पास दिला. गार्गीनं तो शांतपणे जाळ्यात ढकलला. निवड समितीतल्या बाईंनी दोन्ही पोरींचे नंबर विचारून वहीत लिहून घेतले.

दुपारी यादी लागली. जितेंद्रनं ती बोटानं वरून खालपर्यंत वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग वळून म्हणाला, "दोघींचंही आहे, ताई."

दिपालीनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मैदानाबाहेरच्या ठेल्यावर तिनं तर्री-पोह्याची एक प्लेट संपवली आणि दुसरी मागितली. पोरी शेजारीच उभ्या राहून जिल्ह्याची जर्सी कोणत्या रंगाची असेल यावर भांडत होत्या.