बोरगिल्डने सोडलेला नंबर

माझी थोरली बहीण बोरगिल्ड हिने चौतीस वर्षं आमच्या खोऱ्यात टपाल वाटलं. हिवाळ्यात पायाने रेटायची घसरगाडी, एरवी पायी. तिचं घर चढावर, गावात सगळ्यांत वरचं. नवरा गेल्यावर मुलाने तिला आपल्याकडे बेर्गन शहरात बोलावलं, तर म्हणाली, "माझ्या पायांनी वर चढता येतंय तोवर मी खाली येणार नाही." आयुष्याकडून तिचं एवढंच मागणं होतं.

मनगट तिने दोनदा मोडलं, दोन्ही वेळा फेब्रुवारीत. आमच्याकडे फेब्रुवारीतलं मनगट कुणी हिशेबात धरत नाही. ते बर्फाचं पाप. प्लास्टर घालायचं आणि दुसऱ्या हाताने कॉफी ओतायची. नवीन आलेल्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "उभ्या उभ्या पडून हाड मोडतं, तेव्हा दोष नुसत्या बर्फाचा नसतो." त्यांनी इस्पितळात हाडांची घनता मोजायला तिचा नंबर लावला. आईला उतारवयात पोक आलं होतं, म्हणून माझाही लावला. तिचा आधी लागला, माझा सहा महिन्यांनी होता.

बोरगिल्डने फोन करून आपला नंबर सोडला. "धडधाकट बाईने रांग कशाला अडवायची? माझ्या बहिणीला द्या. ती जन्माची किरकिरी आहे." हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. आमच्या गावात स्वतःसाठी काही घेताना माणसाला चोरी केल्यासारखं वाटतं, आणि सोडून दिलं की बरं वाटतं. मला तसं वाटलं नाही. मी नंबर घेतला.

कपड्यांनिशी पडून राहायचं, अंगावरून एक दांडा सावकाश सरकतो, दहा मिनिटांत सुटका. माझ्या पाठीचा आकडा उणे दोन पूर्णांक नऊ निघाला. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. वर्षातून एकदा शिरेतून औषध सुरू झालं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी बोरगिल्डने वॅफलची बशी पुढे सरकवत विचारलं, "काय गं ओड्नी, मोडकी निघालीस की काय?"

"छे! उत्तम आहेत म्हणाले."

दुखण्याचा गवगवा करायचा नाही, हे आम्ही आईकडूनच शिकलो होतो. शिवाय मला किरकिरी म्हटल्याचा रागही होता. खरं तेच सांगते.

चार वर्षांनी, ऐन जूनमध्ये, बोरगिल्ड स्वयंपाकघरात कोरड्या जमिनीवर नुसती वळली आणि कोसळली. खुबा मोडला. इस्पितळात नर्सने विचारलं, "याआधी कधी हाड मोडलंय का?"

"नाही बाई. मनगटं तेवढी, पण ती बर्फाने."

कुणी हसलं नाही. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा धड चालू शकली नाही. चढावरचं घर मुलाने विकलं. ती आता खाली, गावच्या वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्चीत असते. मी दर आठवड्याला जाते. पहिल्या दिवशी वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. काहीच आलं नाही, अजूनही येत नाही. मी तिचे मोजे घड्या करून ठेवते, विणकामाचे धागे गुंडाळते, आणि वेळ निघून जातो.

गेल्या खेपेला ती आपणहून म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाईंनी मला नंतर पुन्हा चिठ्ठी दिली होती, तपासून घ्या म्हणून. मी गेलेच नाही."

"का गं?"

"तुझी उत्तम निघाली होती ना! आपण एका आईच्या, एकाच पातेल्यातले मासे-बटाटे खाऊन वाढलेल्या. म्हटलं, या किरकिरीची हाडं ठणठणीत, तर माझ्या हाडांना काय धाड भरलीय?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, कॉफी आणू का.

"आण," ती म्हणाली. "तुला काय, तुझे पाय चालतात."