मागाच्या खोलीचा कर

वडील गेले, घर माझ्या नावावर झालं आणि घरटॅक्सचं बिल पहिल्यांदा माझ्या हातात पडलं. तोवर ते वडीलच भरत. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. रक्ताचे रिपोर्ट मला भराभर वाचता येतात, पण हा कागद तीनदा वाचूनही कळेना. वरच ‘वार्षिक भाडेमूल्य’ असं लिहिलेलं. आम्ही तर कधी भाडेकरू ठेवला नव्हता.

आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “म्हणजे आपण आपल्याच घरात किरायानं राहून राहिलो काय गा?”

त्याखाली पुढच्या खोल्या ‘निवासी’ होत्या आणि शेवटची एक खोली ‘व्यावसायिक’. त्या खोलीत वडिलांचा हातमाग आहे. आम्ही विणकरांच्या घरातले. वडील आजारी पडले तेव्हापासून माग तसाच पडून होता, निदान मी तरी तसंच समजत होतो.

अर्धी रजा टाकून कर कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई शांत स्वभावाच्या होत्या.

“घर भाड्यानं दिलं असतं, तर वर्षाला जेवढं आलं असतं, ते भाडेमूल्य.”

“पण मॅडम, दिलंच नाही ना.”

“नका देऊ. पण दिलं असतं, तर?”

मी मान हलवली. व्यावसायिक खोलीचं विचारलं, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, “सर्वेला माणूस आला होता. घरच्यांनीच सांगितलंय, तिथे धंदा आहे म्हणून.”

घरी येऊन आईला विचारलं.

“हो, मीच सांगतलं. त्यानं विचारलं, हे काय आहे. म्हटलं, आमचा धंदा आहे. खोटं बोलू काय?”

“धंदा बंद झाला ना, आई.”

“तुह्या बापानं बंद नाही केला. तो बिमार पडला.”

पण कर तर कमी करून घ्यायचा होता. ‘सदर खोलीत कोणताही व्यवसाय चालत नाही’ असा अर्ज लिहिला आणि आईला न दाखवताच देऊन आलो.

काही दिवसांनी पाहणीला निरीक्षक येणार म्हणून मी दवाखान्यातून मधेच निघून आलो. त्यांना घेऊन घरात शिरलो, तर आतून खटखट ऐकू येत होती. दारातून पाहिलं. आई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती आणि सुताचा धोटा ताण्यातून इकडून तिकडे जात होता. वडिलांनी अर्धवट सोडलेलं लुगडं पुरं व्हायला वीतभरच उरलं होतं. म्हणजे हे आजचं काम नव्हतं.

“तुम्ही तर बंद आहे असं लिहिलंय,” निरीक्षक मला म्हणाले. मग त्यांनी आईला विचारलं, “आजी, हे कोणाले विकता?”

“विकाले नाही. त्यायचं अर्धं राहिलं होतं, तेवढं पुरं करून राहिली. हा दवाखान्यात गेला का बसते.”

निरीक्षकांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. “काय लिहू? चालू का बंद?” त्यांनी मलाच विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. शेवटी कागदावर काहीतरी लिहून, चहा पिऊन ते गेले.

“मला काहून नाही सांगितलं?” मी आईला विचारलं.

“तूनं तरी अर्जाचं कुठं सांगतलं?”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघताना मी मागाच्या खोलीतला मिणमिणता बल्ब काढून मोठा लावला. तिनं पाहिलं.

पुढच्या वर्षीच्या बिलात सगळ्या खोल्या निवासी झाल्या होत्या. मात्र भाडेमूल्याचा आकडा तसाच होता आणि खाली आधी न दिसलेल्या एका उपकराची ओळ आली होती. बिल घेऊन पुन्हा त्याच खिडकीशी गेलो. बाईंनी पेन्सिलीने खुणा करत सगळं नीट समजावलं आणि तिथे उभा असताना मला ते पटलंही. स्टँडवरून गाडी काढेपर्यंत त्यातलं निम्मं डोक्यातून गेलं होतं. घरी आईने विचारलं, “काय म्हणते थे बाई?” मी म्हटलं, “भरा म्हणते.”