उसवायचा शुक्रवार

आमच्या शिवणवर्गात इतक्या वर्षांत एकाही बाईचा ब्लाउज पुरा झाला नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान मी शेवटपर्यंत जपला असता तर बरं झालं असतं.

महाल भागात दोरे-बटणांच्या एका दुकानावरची खोली आमची. जिन्याशी पाटी होती, 'महिला शिवणवर्ग', बस्स. आत पायाची चार मशीनं, एक लोखंडी कपाट, एक चटई आणि आम्ही तिघी: संस्था काढणाऱ्या बाई, शिवण शिकवणारी मावशी आणि मी. मला धड सुई ओवता येत नाही. माझं काम चटईवर बसून ऐकायचं. घरात मार खाणाऱ्या, विचारल्याशिवाय पाणीही पिता न येणाऱ्या बायका वर यायच्या, आणि मशीनच्या खडखडाटात हळूहळू बोलायला लागायच्या. 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली असती, तर त्या गल्लीतली एकही बाई तो जिना चढली नसती. शिवणवर्गाला मात्र सासू स्वतः पाठवते. घरची शिलाई वाचते ना!

पण घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. ब्लाउज शिकायला असे किती महिने लागणार? चार? सहा? त्यानंतर बाईला घराबाहेर पडायला कारण काय? तोड मावशीनं काढली. दर शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं ती सगळ्यांना ब्लेड वाटायची, आणि आठवडाभर घातलेली टीप बायका स्वतःच्या हातानं उसवायच्या. सोमवारी पुन्हा तीच बाही, तोच मुंढा. घरी सांगायचं, अजून बाही बसत नाही. घरचे हसायचे, मठ्ठ म्हणायचे, आणि बायका खाली मान घालून ऐकून घ्यायच्या. मठ्ठ ठरलेल्या बाईला आणखी सहा महिने मिळायचे.

हे आम्ही कागदावर कधीच आणलं नाही. कुणाचा नवरा येऊन वही चाळेल याचा नेम नव्हता, म्हणून वहीत फक्त शिवण: आज काज, उद्या बटण. आमची ही हुशारी पुढे आमच्याच मुळावर येणार होती.

ज्या बाईची ही गोष्ट, ती आली तेव्हा तिची मुलगी सातवीत होती. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, मोठा गोडबोल्या, सोडायला आला की आम्हाला हात जोडायचा. तो कधी मारत नाही, असं ती पहिले दोन महिने सांगत होती. मग एकदा मावशीनं बाहीच्या मापासाठी तिच्या दंडाला टेप लावला आणि टेप तसाच सोडून माझ्याकडे पाहिलं. दंडावर चार बोटं उमटलेली होती, जुनी हिरवट आणि त्यावर नवी. मावशीनं "कोपरापर्यंत ठेवू न वं बाही?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली.

तीन वर्षं ती तीच बाही शिवत आणि उसवत होती. मधल्या काळात आम्ही तिघींनी तिच्याबरोबर मिळून एक बेत ठरवला होता. मुलीची दहावी झाली, शेवटचा पेपर दिला, की मायलेकींनी भंडाऱ्याला तिच्या बहिणीकडे निघून जायचं. त्यासाठी एक कापडी पिशवी आमच्या कपाटात कापडाच्या कतरणीखाली ठेवलेली. तिचं आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, दोघींचे दोन-दोन कपडे. एकेक वस्तू तिनं पदराखालून आणली होती. दर सोमवारी आली की कपाट उघडून पिशवीवर हात ठेवायची आणि मगच मशीनवर बसायची. परीक्षेला चार महिने उरले होते.

त्याच हिवाळ्यात विलीनीकरणाची गोष्ट निघाली. बाईंचे गुडघे गेले होते, जिना चढताना त्या तीनदा थांबायच्या. मदत करणारे जुने लोक एकेक करून सरले होते. जरीपटका भागातली एक मोठी संस्था आम्हाला सामावून घ्यायला तयार झाली. माणसं चांगली होती, हे मी मुद्दाम सांगते. कुणाला खलनायक करून मोकळं व्हावं, अशी सोय या गोष्टीत नाही.

त्यांनी आधी दोन दिवसांची बैठक ठेवली, धोरणात्मक नियोजनाची. वातानुकूलित खोली, बाहेरून आलेले एक सल्लागार, भिंतीवर चिकटवायला रंगीत चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे वाढवायचं काम, पिवळी म्हणजे सुधारायचं, गुलाबी म्हणजे थांबवायचं. सल्लागारांनी मावशीला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मावशी म्हणाली, "इथंच. अजून कुठं जाऊन राहिली मी?" सगळे हसले. मीही हसले, पण मला थोडी लाज वाटली. तीच लाज मला नडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणवर्गाची पाळी आली. पडद्यावर आमच्याच वहीतून काढलेला तक्ता. नाव घातलेल्या बायका भरपूर, अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांच्या रकान्यात शून्य. इतकं गोल आणि मोठं शून्य मी पूर्वी पाहिलं नव्हतं. बाईंनी मोठ्या संस्थेच्या प्रमुख मॅडमना खरी गोष्ट एकांतात सांगितली होती. मॅडमनी समजून मान हलवली होती, समुपदेशनाला स्वतंत्र खोली देऊ म्हणाल्या होत्या, ठळक पाटीसकट! पण खोलीतल्या बाकीच्यांसमोर शिवणवर्ग हा शिवणवर्गच होता. सल्लागारांनी हातात गुलाबी चिठ्ठी घेतली.

आता वर्ग बंद होणार, हे मला दिसलं. आणि त्या सुशिक्षित लोकांसमोर आम्ही मठ्ठ ठरतोय, हेही मला सहन होईना. बायका तीन-तीन वर्षं ज्या शब्दावर तग धरून होत्या, तो मला एक दुपार झेपला नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बायकांना शिवता येतं, चांगलं येतं. आम्ही प्रमाणपत्रं दिली नाहीत एवढंच. ती देता येतील."

सल्लागारांनी गुलाबी चिठ्ठी खाली ठेवली आणि हिरवी लावली. मॅडमनी माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. मला खरंच वाटलं, मी वर्ग वाचवला.

परतताना ऑटोत मावशी सीताबर्डीच्या सिग्नलला म्हणाली, "काहून बोलली वं तू?"

"बंद करत होते मावशी."

"बंद केला असता तं आपन दुसऱ्या खोलीत भरवला असता. आता पुरा झाला म्हनशीन, तं मंग त्या पिशवीवालीले कोन पाठवते? पुरं झालं म्हंजे संपलं न."

मी तिला समजावलं की पुढचा वर्ग असेल, पंजाबी ड्रेसचा, मग फॅशनचा. मावशी रागावली असती तर मी भांडले असते. ती नुसती बाहेर बघत होती, आणि मला आत कुठेतरी ठाऊक होतं की ती बरोबर आहे.

प्रमाणपत्रांचा कार्यक्रम जरीपटक्याला झाला. घरच्या मंडळींनाही आमंत्रण होतं, ती कल्पना मॅडमची. तिचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. बायकोचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच्या. ती मंचावर आली, तिनं प्रमाणपत्र घेतलं, आणि फोटोसाठी थांबली तेव्हा मला शोधत होती. मी खालून हसून हात हलवला. प्रमाणपत्रावर सही माझी होती.

चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला. "लई मेहनत घेतली मॅडम तुमी. मी तं समजत होतो, हिले काही जमतच नाही."

"जमतं हो. हात छान बसलाय तिचा."

"म्हंजे आता कोर्स पुरा झाला न?"

मी हो म्हणाले. प्रमाणपत्र त्याच्याच हातात होतं, दुसरं काय म्हणणार होते? पंजाबी ड्रेसचा विषय मी काढला, तोही त्यानं हात जोडून ऐकून घेतला.

"बस झालं मॅडम. आता तिले यायचं काम नाही. मशीन घेऊन देतो घरीच. बाहेर जायची कटकटच नको." तो हे हसत बोलला. मागे ती उभी होती, तिचा चहा तिनं प्यायलाच नव्हता.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्या आठवड्यात महालची खोली रिकामी करायची होती. कपाट हलवताना मी कतरण उपसली आणि पिशवी घरी घेऊन आले. तिच्याजवळ स्वतःचा फोन नव्हता. आता परीक्षेला अडीच महिने होते, आणि पिशवी कुठे आहे हेही तिला माहीत नव्हतं. मावशीला नव्या संस्थेनं ठेवलं नाही, शिकवण्याचा दाखला नव्हता म्हणून. नवीन केंद्रात शुक्रवारी कुणी काही उसवत नाही. तिथे तीन महिन्यांत ब्लाउज पुरा होतो आणि बायका घरी जातात.

त्यानं तिला मशीन घेऊन दिलं होतं आणि घरी शिलाई घ्यायला लावली होती, फक्त गिऱ्हाइकानं तो घरी असतानाच यायचं; शेवटी मीच गिऱ्हाईक झाले. तिचं घर आमच्या जुन्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. मी ब्लाउज पीस घेऊन गेले. दार त्यानं उघडलं. आनंदानं आत बोलावलं, ती मापाचा ब्लाउज घ्यायला बाहेर आली, आणि तो आमच्या मध्ये उभा राहिला. "घेनं-देनं मीच पाहतो मॅडम. हिचं काम शिवाचं." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाही कोपरापर्यंत ठेवू?" मी हो म्हणाले. तिला ऐकायला तेवढं पुरलं की नाही, देव जाणे.

ब्लाउज चार दिवसांनी मिळाला. मी घरी घालून पाहिला आणि मला रडू आलं. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. तीन वर्षं एकच बाही शिवलेल्या हाताचं काम होतं ते.

मग माझ्या डोक्यात आलं, मावशीचीच युक्ती. मी ब्लेड घेतलं आणि डाव्या बाहीची टीप उसवली. दुसऱ्या दिवशी गेले आणि म्हटलं, बाही बसत नाही. दार उघडलं, ती बाहेर आली. उसवलेली शिवण तिनं हातात घेतली, ब्लेडनं कापलेली दोऱ्याची टोकं तिला दिसली, आणि पहिल्यांदा तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो खिडकीकडे वळला, आणि मी चार शब्द बोलून घेतले: "पिशवी माझ्या घरी आहे." तिनं पापणी हलवली.

मी त्या दिवशी जिना तरंगत उतरले. अजून पत्ता सांगायचा होता, दिवस ठरवायचा होता. त्यासाठी अशा आणखी दोन-तीन फेऱ्या पुरल्या असत्या. आठवड्यानं दुरुस्त झालेला ब्लाउज त्यानं दारातच माझ्या हातात ठेवला, मी दुसरी बाही उसवली आणि पुन्हा नेला.

या वेळी दार त्यानं अर्धंच उघडलं. ती दिसली नाही, आतून मशीनचा आवाज मात्र येत होता. मी ब्लाउज पुढे केला. त्यानं तो उलटा केला, शिवण बोटानं चाचपली. नेहमीसारखाच हसला.

"पुन्हा बसली नाही?"

"थोडीशी. काही घाई नाही."

"नाही मॅडम. तीन वर्षं शिकली ही तुमच्याकडं. सर्टिफिकेट हाय, तुमची सही हाय. तरी दोन-दोनदा चुकते म्हंजे काय?" त्यानं ब्लाउजची घडी केली, अगदी नीट. "ध्यान कुठं राहते हिचं? मी पाहतो तिच्याकडं."

"नाही, नाही, चूक तिची नाही, मीच..." मी बोलायला लागले आणि अडकले. मीच काय? मीच उसवली, असं सांगितलं तर पुढचा प्रश्न काय असेल, ते मला ठाऊक होतं. सांगितलं नाही तर काय होईल, तेही ठाऊक होतं.

"तुमी कशाले वाईट मानता," तो म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं. आतून कडी लागली. मी जिन्यात उभी राहिले. मशीन अजून चालू होतं, एकसारखं, न अडखळता. मग ते बंद पडलं.

मी बेल दाबली. कुणी आलं नाही, तरी मी बोट काढलं नाही.