भागूमावशीची वेळ

भागूमावशी खिचडीतलं मीठ कधी चाखून बघत नसत. झाकण काढायच्या, वाफेत तोंड धरायच्या आणि सांगायच्या, "चिमूटभर कमी हाय." एकदा मी चाखून पाहिलं, तर खरंच कमी होतं. "मिठाला वास असतो, बाई. तुमास्नी येत न्हाई," त्या म्हणाल्या.

आंदर मावळातल्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत त्या पोषण आहार शिजवत. मी लोणावळ्याहून लोकलने कान्ह्याला उतरून पुढे जीपने जायची. पाढे मी घ्यायचे, पण शाळेवर राज्य त्यांचं. तपासणीला आलेल्या साहेबांनी आल्या आल्या नोंदवही मागितली, तेव्हा मावशींनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. "आदी जेवा, मंग ल्हिवा." साहेब मुकाट्याने जेवले. दिवसभर मावशींचं बोलणं चालूच असे. शेगडीशी, कोंबड्यांशी, माझ्याशी.

एके दिवशी साडेदहा वाजले तरी स्वयंपाकखोलीला कुलूप. मी त्यांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा मारुती रात्रपाळी करून आठला घरी आला होता. आई अजून निजलेली दिसली, दमली असेल म्हणून त्याने पांघरूण सारखं केलं होतं. मी हाक मारली. मावशींनी डोळे उघडले, पण तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांचा उजवा हात मी उचलला तर तो तसाच खाली पडला. आवाज नाही.

हायवेवरच्या छोट्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत बारा वाजले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी एकच विचारलं, यांना शेवटचं धडधाकट कोणी, कधी पाहिलं? काल रात्री नऊला, कामावर निघताना, मारुती म्हणाला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गाठीने बंद झाली असावी, डॉक्टर म्हणाल्या. गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात. इथे पंधरा उलटले होते. स्कॅन करून त्या फोनवर बोलायला आत गेल्या. सोबत आलेले मारुतीचे चुलते धोंडूआबा म्हणाले, घरी नेऊ, आपल्या माणसांत राहील. मारुती माझ्याकडे बघू लागला. मावशींच्या स्ट्रेचरच्या दांडीला धरून मी म्हणाले, "वेळ गेलीय, मारुती. उगाच हाल नकोत."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. स्कॅनचे फोटो त्यांनी पुण्याला पाठवले होते. "इंजेक्शनची वेळ गेली, पण गाठ ओढून काढायची वेळ कदाचित गेलेली नसेल. आत्ता निघा."

ॲम्ब्युलन्समध्ये मी मावशींची छाती वर-खाली होते का, तेवढंच बघत होते. पुण्यात पुन्हा स्कॅन झालं. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, मेंदूचा एवढासा भाग गेला आहे; भोवतीचा हा मोठा भाग अजून तग धरून आहे, पण किती वेळ धरेल सांगता येत नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत नेऊन गाठ बाहेर काढायची. रक्तस्राव होऊ शकतो. हमी नाही. मारुतीने सही केली.

दीड तास मारुती, धोंडूआबा आणि मी दाराकडे बघत बसलो. प्रत्येक वेळी दार उघडलं की तिघेही उभे राहायचो. शेवटी डॉक्टर आले. गाठ निघाली होती. काय काय परत येईल, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी मावशींच्या उजव्या बोटांनी माझं बोट धरलं. चालणं महिन्याभरात आलं. शब्दांना फार वेळ लागला.

पाचेक महिन्यांनी भेटायला गेले, तेव्हा त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. एकेक शब्द शोधून बोलत होत्या.

"बाई... मी ऐकत व्हते. दवाखान्यात. समदं."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"वेळ गेलीय... म्हनलात तुमी. माजं तोंडच... उगडंना."

तांदळाकडे बघत मी विचारलं, राग आला का माझा?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुढचा शब्द सापडेना, म्हणून थांबल्या. मीही थांबले.

"भ्या वाटलं. खरंच... घरी न्याल म्हून."