मैनाबाईची राणी

मैनाबाईला काहीही विचारा, उत्तराआधी तिचाच प्रश्न यायचा. पाऊस येईल का म्हटलं, तर "तुले कसा पायजे?" लग्न होऊन मी त्या गावात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन विहिरीची वाट विचारायला तिच्या अंगणात उभी राहिले. तिच्या कपाळावर गोंदण, गालात तंबाखू आणि डाव्या कानाची पाळी फाटलेली. शेळीने बाळीसकट ओढली होती म्हणे. "कसी वाट पायजे, मास्तरीनबाई? जवळची का सावलीची?"

मी नागभीडची, मॅट्रिक पास, वर शाळामास्तरची बायको. म्हणजे अक्कल सगळी माझ्याच पदरात बांधलेली. मी फणकाऱ्याने म्हटलं, "मला बरोबर वाट पाहिजे." ती इतकी हसली की तंबाखू थुंकावी लागली.

तिचा एक नेम होता. "दारी आला त्याले रिकामा धाडू नाई. भात नसन तं पेज दे. पेज नसन तं गोष्ट दे."

गाव किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. किल्ला गोंड राजाचा, पण कोणत्या राजाचा हे कुणी सांगत नव्हतं, कारण कुणी विचारतही नव्हतं. गावाच्या लेखी किल्ला म्हणजे आतली मोहाची झाडं. एकेक झाड एकेका घराचं, आणि ते कागदावर नसलं तरी सगळ्यांना ठाऊक. मैनाबाईचं झाड पडक्या बुरुजाला टेकून उभं होतं. फुलं गळायच्या आधी ती खालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची आणि मग रोज पहाटे टोपली घेऊन वेचायला जायची. नवरा वारलेला, शेत नाही. घरातले तांदूळ संपले की आषाढ-श्रावण त्या वाळवलेल्या फुलांवर निघायचा. तिचं मागंपुढं पाहणारं ते एकच झाड.

ऐंशीनंतरची ती वर्षं. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून रविवारी सहलीची बस यायला लागली. टेपरेकॉर्डर, पुरीभाजीचे डबे, बॅडमिंटनच्या रॅकेटी. त्यांना किल्ला दाखवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. नायलॉनची साडी, डोळ्याला गॉगल, पायात उंच टाचेची चप्पल, आणि रेडिओतून उचललेली भाषा. "या बाजूस आपण बुरूज पाहत आहात." बुरूज त्यांना दिसतच होता! एकदा टाच फटीत अडकली, तर मी तिथेच उभी राहून दगडाच्या मजबुतीवर बोलत राहिले, बस निघेपर्यंत. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्या कौतुकाने बघतात असं मला वाटायचं.

मग कुठल्याशा कचेरीतले एक साहेब आले. किल्ला साफ करायचा, हिरवळ लावायची, बाक बसवायचे, आणि मुळांनी भिंत फोडणारी झाडं तोडायची. मैनाबाईच्या मोहावर चुन्याची फुली पडली.

ती माझ्याकडे आली. रडली नाही, ओरडली नाही. "मास्तरीनबाई, त्या साहेबाले काय पायजे?"

मी म्हटलं, "त्यांना इतिहास पायजे."

"भेटते कुठी तो?"

"जुन्या गोष्टीत भेटते. राजा, राणी, लढाई."

तिने तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली. "एवढंच होय? मंग देऊ ना. दारी आला हाये."

पुढच्या रविवारी साहेब बसबरोबर आले. मैनाबाई झाडाखाली बसलेलीच होती. तिने सांगितलं, की राजा लढाईला गेला तेव्हा राणी याच मोहाखाली बसून वाट पाहायची. हे झाड तिनंच लावलं. मी गॉगल कपाळावर सरकवून विचारलं, "कशी होती दिसायला?" मैनाबाईने राणी कुठे पाहिली होती! जवळ होतं ते तिने काढून दिलं. "कपाळावर गोंदन. डाव्या कानाची पाळी फाटलेली. तंबाखू खाये, पन ईज कडाडून गाज पडली का खाटेखाली लपे."

"राणी खाटेखाली?" एका बाईने विचारलं.

"काऊन? रानीले भेव नाई लागत?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी शुद्ध मराठीत पुढची ओळ जोडली, की आजही या वृक्षाच्या सावलीत विरहाचे निःश्वास ऐकू येतात. साहेबांचे डोळे पाणावले. फुली पुसली गेली. झाड वाचलं.

त्या पावसाळ्यानंतर झाडाभोवती पार बांधला, लोखंडी कठडा आला, पाटी आली. बस वाढल्या. गावात चहाची टपरी निघाली, पोरं शेळ्या सोडून बसमागे धावायला लागली, तळ्यात डब्यांची झाकणं तरंगायला लागली. बाया कठड्याला धागे बांधू लागल्या. नवरा म्हणाला, "आपण बौद्ध घरातले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरची सून लोकांकडून झाडाची पूजा करवून राह्यली!" मी म्हटलं, "मी धागे बांधायला कुठे सांगितलं? मी फक्त निःश्वास सांगितले."

आणि फुलं गळायचे दिवस आले. मैनाबाई टोपली घेऊन गेली, तर कठड्याला कुलूप. चौकीदार तिचाच भाचा, सोमा. खाकी सदरा, हातात काठी.

"आत्या, आत नको जाऊ. रानीचा मोह हाये तो. फुलाले हात लावू नाई, पाटीवर लिवलं हाये."

"अरे, रानी कोनं सांगली? मीच ना?"

"साहेबाचा हुकूम हाये, आत्या. माही नोकरी जाईन."

ती त्याच्यावर रागावली नाही. टोपली तशीच घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिने विचारलं, "मास्तरीनबाई, रानी खरीच होती काय वं?"

"तूच तं सांगितली!"

"मी सांगली तवा नव्हती. पन आता एवढे लोक येऊन राह्यले. सगळेच का पागल असन?"

मी मॅट्रिक पास. उठून चुलीवर चहा ठेवला. कठड्याच्या आत फुलं सडत होती, कठडा ओलांडून अस्वलं ती खाऊन जात होती, आणि जिने झाड वाचवलं ती माझ्या ओट्यावर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. नुकसान झालं म्हणावं, तर त्या श्रावणात सोमाने पगारातून तिला तांदूळ आणून दिले. दोन्ही वेळ भात. "रानीच खाऊ घालून राह्यली," ती हसत म्हणायची. मग हात पुढे करून दाखवायची. "पन पहाटे वेचाले हात उठते ना. त्याले काय सांगू?" पहाटे ती कठड्याबाहेर जाऊन उभी राहायची. जाता-येता झाडाला हात जोडायची. झाडाला, की राणीला, की स्वतःलाच, हे मला तेव्हा कळलं नाही. आता माझे केस पांढरे झालेत, अजून कळत नाही.

नवऱ्याची बदली सिंदेवाहीला झाली. काही वर्षांनी मैनाबाई गेल्याचं सोमाने येऊन सांगितलं. शेवटच्या दिवसांत तिने फुलं मागितली होती. त्याने कुलूप उघडून ओंजळभर आणून दिली. नोकरी गेली नाही. कुणी पाहिलंच नव्हतं.

मागच्या चैत्रात नातीबरोबर तिकडे गेले. नात कॉलेजात आहे, तिला सगळं विचारायचं असतं. गॉगल लावलेली एक तरुण बाई लोकांना सांगत होती, राणीच्या डाव्या कानाची पाळी लढाईत तलवारीने फाटली. विजेलाही न भिणारी राणी! मी शेळीचं नाव घेणार होते, पण त्या पोरीच्या चपलेची टाच पाहिली आणि तोंड मिटलं. कठड्याबाहेर पडलेलं एक फूल उचलून तोंडात टाकलं. रखवालदार ओरडला, "आजी, ते राणीचं आहे!"

"माहीत आहे," मी म्हटलं. "तिनं मला रिकामं धाडलं नसतं."

परतताना नातीने माझा हात धरला. "आजी, खरं सांग. राणी होती का गं?"

मी खरंच उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि निघालं काय, तर,

"तुले कसी पायजे?"