दिवाणखान्यातली चूल

आमच्या वडिलांची, अण्णांची, महाडला लाकडाची वखार होती. त्यांचं सागवान बैलगाड्यांतून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जाई आणि तिथे साहेबांचे बंगले उभे राहत. तसा एक बंगला आपला असावा, ही अण्णांची फार वर्षांची इच्छा. विलायतेला परत निघालेली एक मडम घर विकते आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी तिला माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. पुण्याला मामांकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले होते. त्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

आईची एकच अट होती. वर तिची चूल नीट लागली तर ती येणार, नाहीतर अण्णांनी खुशाल एकट्याने जाऊन राहावं. आई येणार नसेल तर अण्णा बंगला घेणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

होळीनंतर भाड्याची मोटार करून आम्ही निघालो. पोलादपूर सोडल्यावर आईने डोळे मिटले, ते वर पोचल्यावरच उघडले. मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. शाळेत मी वहीत उत्तरं चांगली लिहीत असे. उभं करून विचारलं की गप्प.

मडम उंच होती, केस पिकलेले, पायात जाड बूट. तिने आमच्याशी हात मिळवला नाही, नमस्कार केला. तो कुणीतरी नीट शिकवलेला होता. बंगल्याला तिन्ही बाजूंनी पडवी होती, खिडक्यांना मोठमोठ्या काचा. दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या खिडकीतून खाली सावित्रीचं अख्खं खोरं दिसत होतं. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दारांवर बोटाने टकटक करून बघत होते.

"आपलंच सागवान आहे," ते मला हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खूश होता की मी मान खाली घातली.

आईने स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं. मडमने मागचं दार उघडून परसाकडे बोट केलं. मुख्य घरापासून चांगली चाळीस पावलं दूर, कौलारू खोपटासारखी एक खोली. साहेबांना धुराचा आणि फोडणीचा वास घरात नको असतो, म्हणून असं बांधतात. वाटेवर छप्परसुद्धा नव्हतं.

आई स्नान करून, सोवळं नेसून स्वयंपाक करते. तिच्या हातातलं पातेलं चुलीवरून थेट पानापाशी येतं, मध्ये कुणाचा स्पर्श चालत नाही. तिने ती चाळीस पावलं नजरेने मोजली आणि पदर सावरला. आमच्या घरी तो नकार असतो. अण्णांनीही तो पाहिला. ते नुसता एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून उभे राहिले.

आम्ही दिवाणखान्यात परत आलो. तिथे भिंतीत साहेबांची शेकोटी होती, काळ्या दगडाने मढवलेली, वर धुराडं. आई तिच्यासमोर थांबली. बंगल्याचा माळी पोलादपूरकडच्या एका वाडीचा होता. तो दाराशी उभा होता. आईने त्याला विचारलं, उगवत कुठल्या बाजूला?

"ह्याच भिंतीमागं उगवतो, बाय."

म्हणजे शेकोटीसमोर बसलं की तोंड पूर्वेला. आई खाली बसली आणि वितींनी दगड मोजायला लागली. मी ओळखलं. अण्णांनीही ओळखलं असावं, कारण ते पटकन मडम आणि आई यांच्या मधे येऊन उभे राहिले.

मडम माझ्याकडे वळली. म्हणाली, मुंबईचे एक व्यापारीही घर मागत आहेत, आणि ते सगळं आहे तसंच ठेवणार आहेत. मग विचारलं, ही माझी आवडती खोली, हिचं तुम्ही काय करणार?

मी अण्णांना मराठीत सांगितलं.

"दिवाणखानाच ठेवणार म्हणून सांग," अण्णा म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

एवढं वाक्य मला सहज जमलं असतं. पण त्यांच्या मागे आईची पाचवी वीत चालली होती आणि मडमला ती दिसत होती. मी म्हणाले, माझी आई इथे स्वयंपाक करील. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. सोवळं, चाळीस पावलं, पूर्व दिशा, सगळं सांगितलं. व्याकरण कसं होतं ते आठवत नाही.

मडमने विचारलं, अन्न उघड्यावरून आणायचं नाही म्हणून?

मी हो म्हटलं.

ती आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अठरा वर्षं मी या घरात गार सूप प्यायले. हे मला सुचलं का नाही?"

मी ते भाषांतर करून सांगितलं. सूप म्हणजे काय ते आईला सांगावं लागलं. तिने मडमकडे खऱ्या कणवेने पाहिलं आणि म्हणाली, "विचार तिला, जेवून जायला येईल का आमच्याकडे? बोट सुटायला अवकाश असेल तर."

मडम आली नाही, पण घर आम्हाला दिलं. खिडकी बुजवू नका, एवढंच तिने सांगितलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांना का नाही, हे मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही राहायला गेलो. पहिल्याच दिवशी फजिती झाली. साहेबी धुराडं इतकं ओढणारं, की सगळा जाळ मागे जाऊन वर चढे आणि पुढचा तवा थंडच. तांदळाच्या तीन भाकऱ्या कच्च्या राहिल्या. पाटावर बसून अण्णा कच्ची भाकरी निमूटपणे चावत होते, जणू तीच त्यांना आवडते.

शेवटी माळी पुढे झाला. त्याने मातीची बुटकी चूल शेकोटीबाहेर हातभर पुढे घातली आणि धुराड्याचं अर्धं तोंड पत्र्याने झाकलं. माती दोन दिवस वाळू दिली. तिसऱ्या दिवशी आईने आंघोळ करून जाळ केला. धूर शहाण्यासारखा वर गेला. भाकरी टम्म फुगली. आईने ती तव्यावरून थेट अण्णांच्या पानात टाकली.

"आता घर घेतलं म्हणा," ती म्हणाली.

अण्णांना बोट भाजलं तरी त्यांनी लगेच तुकडा मोडला.

दिवाणखान्यात सोवळ्याचा स्वयंपाक, म्हणून पाहुण्यांना अजूनही मागच्या दाराने यावं लागतं. अण्णा त्यांना साहेबाच्या निजण्याच्या खोलीत बसवतात आणि दारं कुठल्या लाकडाची ते सांगतात.

भाकरी फुगली त्या दिवशी आईने मला माळ्याला भाकरी नेऊन द्यायला सांगितलं. तो पडवीच्या पायरीवर बसून खात होता. कशी झालीय, मी विचारलं.

"बरी हाय गो," तो म्हणाला. "पन पातळ. आमच्यात अशी करीत नाय."

मी हे आईला सांगितलं नाही.