तुळसाचा बॉक्स

आमच्या घरात टीव्ही येऊन पंधराएक वर्षं झाली असतील, पण तुळसाच्या हातात रिमोट मी पहिल्यांदा पाहिला तो महाडच्या दुकानात. तुळसा म्हणजे माझ्या भावाची, काशीरामची बायको. घरात रिमोट एकतर आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या उशाशी, नाहीतर काशाच्या मांडीवर. ही चहाचे कप ठेवताना उभ्या उभ्या जेवढं दिसेल तेवढं बघणार आणि परत चुलीकडे. आधीच सांगून ठेवते, ही हकिगत मला शांतपणे सांगता येणार नाही. ज्याला गोड ऐकायचं असेल त्यानं दुसऱ्या घरी जावं.

मी काशाची थोरली बहीण. नवरा वारला, माहेरी कापड्याला आले आणि अंगणवाडी चालवत इथलीच झाले. तुळसा वरंधची. लग्न होऊन आली तेव्हा वाऱ्यानं उडेल अशी होती, पण भाताचा भारा डोक्यावर घेऊन चालली की बाप्ये मागे पडायचे. बोलायला कमी. पोलादपूरच्या बाजारात भाजी विकायला बसते तिथंही ओरडत नाही, समोर ठेवते, घ्यायची तर घ्या. तिला दोन पोरं. शुभम मुंबईला नोकरी करतो आणि धाकटी समीक्षा बारावीला. समीक्षा कबड्डी खेळते.

खेळते हे मी एवढ्या सहज सांगितलं, पण त्यापायी या घरात काय काय झालंय ते मी बघितलंय. आबांचं म्हणणं, पोरीच्या जातीनं चड्डी घालून लोकांपुढं पाय नाचवायचे नाहीत. काशा स्वतः तरणा होता तेव्हा गावच्या संघातून खेळायचा. त्याची ट्रॉफी अजून कपाटावर धूळ खात पडलीय. तो काय म्हणाला? तो म्हणाला, "आबांचं वय झालं, त्यांना कशाला दुखवायचं?" संपलं. मग तुळसानं काय करावं? पोरीला भाजी विकायला सोबत नेते म्हणून सांगायचं, टोपलीत पालेभाजीच्या खाली तिचे बूट नि कपडे घालायचे, आणि पोलादपुरात उतरलं की पोरगी मैदानाकडे, आई बाजारात. तीन वर्षं हे चाललं. जिल्ह्याच्या संघात निवड झाली, पेपरात नाव आलं, तेव्हा कुठं घरात उघड झालं. आबांनी दोन दिवस तुळसाच्या हातचं पाणी घेतलं नाही. काशा पेपर घेऊन कंपनीत मिरवून आला. म्हणजे मिरवायला पोरगी चालते.

आता मुद्दा असा की एवढं करून तुळसानं पोरीला खेळताना कधी बघितलंच नव्हतं. मैदानावर गेली तर भाजीकडे कोण बघणार? यंदा समीक्षा राज्य स्पर्धेला नांदेडला गेली, आणि कळलं की सामने यूट्यूबवर थेट दाखवणार आहेत. पहिला सामना मी माझ्या मोबाईलवर लावून दिला. तुळसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय. तिनं मोबाईल नाकाशी धरला, लांब धरला, मग माझ्या हातात परत दिला.

"आक्का, ह्यात मला मुंग्या दिसतात," म्हणाली. "टीवीवर नाय का येत?"

येतं, पण आमचा टीव्ही जुना, त्याला नेट लागत नाही, बॉक्स जोडावा लागेल, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाजी न नेता ती माझ्यासोबत महाडच्या एस.टी.त बसली. कनवटीला स्वतःचे पैसे, आणि माझ्या मोबाईलमध्ये आमच्या टीव्हीच्या पाठीचा फोटो. तो तिनंच मला काढायला लावला होता. पाठीला भोकं कुठली हायत ते दुकानदाराला दिसायला नको का, म्हणाली.

पहिल्या दुकानात त्या माणसानं तुळसाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मालकांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, मालक तुमच्यासमोर उभ्या आहेत. तो हसला. मी त्याच्या तोंडावर बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दुकानात एक बॉक्स काढला, म्हणे जगातले सगळे चॅनल फुकट. तुळसानं विचारलं, "माझ्या पोरीची कबड्डी लागंल?" तो म्हणाला, सगळं लागेल. ती म्हणाली, लाव. त्याला लावता येईना. मग नेट स्लो आहे, मग लाईट कमी आहे, मग उद्या या. तुळसा उठली.

तिसरं दुकान चंदूचं, मोबाईल दुरुस्तीचं, गल्लीतलं. हा मुलगा बरा निघाला. त्यानं फोटो बघितला, तळहाताएवढा काळा बॉक्स काढला, समोरच्या टीव्हीला जोडला नि रिमोट सरळ तुळसाच्या हातात दिला. तिनं हाताला घाम आला म्हणून तो पदरानं पुसला. समीक्षाचा आदल्या दिवसाचा सामना तिनं त्याला तिथंच लावायला लावला, बंद करायला लावला, परत स्वतः लावला. तीनदा. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, एकजण च्यक च्यक करत होता. ती ढिम्म. मोबाईलच्या नेटवर चालतंय ना, अडकत नाय ना, इंग्रजी वाचावं लागत नाय ना, सगळं विचारून झाल्यावर तिनं कनवट सोडली. तिच्या डोक्यात बॉक्स कसा हवा ते पक्कं होतं, आणि तो तिला मिळाला.

घरी आल्यावर काशानं तो हातात घेतला आणि त्या क्षणापासून तो तिचा राहिला नाही. शुभमला फोन लावला, क्रिकेटचं ॲप टाकून घेतलं, आणि डिशचा रिचार्ज बंद करून टाकला, आता कशाला दोन दोन म्हणून. ॲप उघडलं की पडद्यावर गोल गोल चेहरे येतात, कोण बघणार म्हणून विचारतं. एकाखाली काशीराम, एकाखाली आबा, एकाखाली शुभम. तो मुंबईत असतो, तरी त्याचा चेहरा आमच्या टीव्हीवर. शेवटचा चेहरा लहान मुलांचा.

मी विचारलं, "हिचं नाव कुठाय?"

"ती त्या पोरांच्यात बघील," काशा म्हणाला. "तिला कुठं काय बघायचं असतं?"

माझं डोकं असं फिरलं की हातातलं भांडं मी आपटलंच.  तुळसानं फक्त एवढंच सांगितलं, की रविवारी चार वाजता समीक्षाचा उपांत्य सामना हाय, तेव्हा टीवी मला पायजे. काशा म्हणाला, बघू.

रविवार उजाडला. कंपनीला सुट्टी, क्रिकेटचा सामना, काशाचे दोन दोस्त पाय पसरून, आबा खुर्चीत. तुळसानं सकाळीच सगळ्यांचं जेवण उरकलं, भांडी घासली, केस विंचरून नीट लुगडं नेसली. नेसलेलं बघून तरी यांना कळावं की नाही? पावणेचारला ती येऊन टीव्हीशेजारी उभी राहिली.

"अवो, चार वाजतील आता."

"ही एवढी षटकं होऊ दे."

"सामना सुरू व्हायचा."

"पोरींची कबड्डी ती. नंतर बघ की आक्काच्या मोबाईलवर, कुठं पळून चाललीय?" काशा म्हणाला आणि दोस्त हसले. आबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. काय राग आला मला सांगू, सख्खा भाऊ आहे पण त्या घडीला उंबऱ्याबाहेर काढला असता.

तुळसा टीव्हीच्या मागे गेली. आम्हाला वाटलं काही पडलं असेल. पडदा काळा झाला. तिनं बॉक्स काढला, वायर गुंडाळली, आबांच्या हाताखालचा रिमोट उचलला आणि सगळं ओच्यात घातलं. डिश तर काशानंच बंद केली होती, त्यामुळे चौघे बाप्ये काळ्या काचेकडे बघत बसले.

"आक्का, मोबाईल घ्या. चला," ती म्हणाली.

ती पुढं, मी मागं. वाट बौद्धवाडीची. वर टेकाडावर जानकीबाईंचं घर. त्यांची दीप्ती समीक्षाच्याच संघात, डाव्या कोपऱ्याला खेळते. दोघी पोरी एका ताटात जेवतात, आणि आयांनी एकमेकींच्या अंगणापुढं कधी पाय टाकलेला नाही. का नाही ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, मी वेगळं सांगायची गरज नाही. ओसरीवर सात-आठ बायका एका मोबाईलवर डोकी घालून बसल्या होत्या. तुळसानं ओच्यातून बॉक्स काढून पुढं धरला.

"तुमच्याकडं टीवी हाय ना? मी बॉक्स आणलाय."

जानकीबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्याही काही गोड बाई नाहीत. "इतकी वर्षं लागली व्हय तुम्हाला ही चढण चढायला?" म्हणाल्या. "उभ्या काय ऱ्हाताय, या आत."

तुळसानं उंबरा ओलांडला, टीव्हीच्या पाठीला बोटांनी चाचपून वायर लावली, मी मोबाईलचं नेट सोडलं आणि मैदान उघडलं. केवढं मोठं, केवढं लखलखीत. मध्यंतर व्हायला आलं होतं, आमच्या पोरी मागे होत्या. तुळसा सगळ्यांत पुढं, टीव्हीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली. समीक्षा चढाईला निघाली की तिच्या मांडीवरचे हात आपोआप उचलले जायचे. जानकीबाईंनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, ती बघता बघताच प्यायली.

शेवटची पाच मिनिटं राहिली आणि बाहेर काशाचा आवाज आला. चढण चढून दम लागलेला, तरी तावातावानं, "बॉक्स दे माझा. दोस्तांम्होरं शोभा केलीस."

तुळसानं मान वळवली नाही. मीच दारात गेले. म्हटलं, आत ये नि घेऊन जा. तो आत येईना. चप्पल पायात, उंबऱ्याबाहेर उभा. पण टीव्ही दारातून समोरच दिसत होता आणि कबड्डी म्हटल्यावर याचे डोळे कुठं राहतात? शिव्या मध्येच थांबल्या. गुण बरोबरीत होते. आमची समीक्षा चढाईला गेली, पाठीवर सात नंबर, केस आवळून बांधलेले, तोंड धुळीनं माखलेलं. तिघींनी घेरली, एकीनं घोट्याला हात घातला, तर हिनं खाली वाकून पाय असा सोडवला की दोघींना घेऊन मध्यरेषेला हात टेकला. ओसरी नि खोली एकदम उठली. जानकीबाई तुळसाच्या खांद्याला धरून हलवत होत्या.

काशा दाराची चौकट धरून पुढं झुकला होता. राग पार उतरलेला, चेहरा असा फुललेला की त्यात मला त्याचं तरणेपण दिसलं.

"काय पाय हाय गो त्या सात नंबरच्या पोरीचा," तो म्हणाला. "कुणाची हाय ती?"

 जानकीबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग तुळसाकडे. माझ्या तोंडावर चांगल्या चार शिव्या आल्या होत्या, पण बोलायचा हक्क माझा नव्हता. तुळसा टीव्हीकडेच बघत होती.

"माझी," ती म्हणाली.